नेसरीची शिवरात्र आणि गणिताचा पडदा

कोल्हापूर जिल्ह्यांत, गडहिंग्लज तालुक्यांत, नेसरी नांवाचें गांव आहे. या गांवाजवळच्या खिंडींत सरनोबत प्रतापराव गुजर अवघे सहा स्वार बरोबर घेऊन विजापूरच्या बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातहि वीर तेथेंच कामास आले. उमराणीस कोंडींत सांपडलेल्या खानाला त्यांनीं जाऊं दिलें, त्याबद्दल शिवाजी महाराजांचा बोल त्यांना लागला आणि तो बोल त्यांनीं असा फेडला, ही हकीकत महाराष्ट्रांत शाळेंत जाणाऱ्या मुलांनाहि पाठ आहे. तिची उजळणी येथें करावयाची नाहीं. विचार करावयाचा आहे तो अगदीं साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचा. हें घडलें केव्हां?

शके १५९५, माघ वद्य चतुर्दशी, महाशिवरात्र, असें मराठी माणूस सांगेल. त्या काळच्या दप्तरांतला कारकून सुहूर सन अर्बा सबैन अलफ, म्हणजे १०७४, असें लिहील. बहलोलखानाच्या छावणींतला मुनशी हिजरी १०८४ च्या जिल्काद महिन्याची अखेर मांडील. मुंबईच्या वखारींतला इंग्रज त्या दिवशीं २४ फेब्रुवारी लिहीत होता. वर्ष मात्र तो अद्याप १६७३ असेंच घाली, कारण त्याचें नवें वर्ष २५ मार्चला लागत असे. आणि गोव्यांतला पोर्तुगीज त्याच दिवशीं ६ मार्च १६७४ ही तारीख घालीत होता. पोपनें १५८२ सालीं केलेली कालगणनेची सुधारणा पोर्तुगालनें तत्काळ पत्करली, इंग्लंडनें ती १७५२ पर्यंत दूर ठेविली; तेवढ्यामुळें मुंबई आणि गोवा यांच्यामध्यें दहा दिवसांचें अंतर पडलें होतें. सूर्य सर्वांचा एकच मावळला, दिवसाला नांवें मात्र पांच पडलीं. हीं पांचहि नांवें एकाच दिवसाचीं आहेत हें कोणत्या आधारावर म्हणावयाचें?

या प्रश्नाची उकल करूं जातां एक असा विचार हातीं येतो कीं, जो ज्योतिषांत फार जुना आहे आणि संगणकशास्त्रांत केवळ गेल्या पन्नास वर्षांत नांवारूपास आला. एखादें साधन बाहेरच्या जगाला काय देण्याचें कबूल करतें, हें एका बाजूस लिहून ठेवावयाचें. तें आंत कसें सिद्ध होतें, हें दुसऱ्या बाजूस, पडद्याआड ठेवावयाचें. पहिल्याला संगणकाचे पंडित इंटरफेस म्हणतात, दुसऱ्याला इम्प्लिमेंटेशन. आपण त्यांना दर्शनी करार आणि आंतील घडण म्हणूं. १९७२ सालीं डेव्हिड पार्नास यांनीं एका निबंधांत असें मांडलें कीं, मोठ्या आज्ञावलीचे भाग पाडतांना कामाच्या क्रमानें पाडूं नयेत. जो निर्णय पुढें बदलण्याचा संभव आहे तो एकेका भागाच्या पोटांत दडवावा. या भागांना मॉड्यूल असें म्हणतात. पार्नास यांनीं हें मांडण्यापूर्वीं किती तरी शतकें आपल्या घराघरांतल्या खुंटीवर असें एक मॉड्यूल टांगलेलें होतें. त्याचें नांव पंचांग.

पंचांग म्हणजे तिथि, वार, नक्षत्र, योग आणि करण हीं पांच अंगें. चंद्र सूर्याच्या पुढें बारा अंश गेला कीं एक तिथि संपते. तिच्या अर्ध्या भागास करण म्हणतात. चंद्र आकाशाच्या सत्तावीस भागांपैकीं ज्या भागांत असेल तें नक्षत्र, आणि सूर्य व चंद्र यांच्या स्थानांच्या बेरजेवरून योग. पंचांग वापरणारा यापलीकडे कांहीं विचारीत नाहीं. इतकेंच काय, पंढरपूरच्या काशीनाथोपाध्यायांनीं १७९० च्या सुमारास लिहिलेला धर्मसिंधु हा ग्रंथसुद्धां तसें विचारीत नाहीं. शिवरात्रीला मध्यरात्रीं चतुर्दशी असावी, अमक्या व्रताला सूर्योदयीं तिथि धरावी, तमक्याला प्रदोषकाळीं, असे निर्णय त्यांत आहेत. त्या निर्णयांना हवें असतें तें तिथीच्या आरंभाचें व शेवटाचें घटिकापळांतील माप. तें माप कोणत्या सिद्धांतावरून काढलें, याची पंचाईत हे निर्णय करीत नाहींत. जोशीबुवा पंचांग उघडतात, घटिका वाचतात आणि व्रताचा दिवस सांगतात. ग्रहगणित त्यांना येत असलें काय आणि नसलें काय, यजमानाचें कांहीं अडत नाहीं.

आंतील घडण मात्र वेळोवेळीं बदलत आली. कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञांनीं शके १४४२ मध्यें, म्हणजे १५२० सालीं, ग्रहलाघव नांवाचा ग्रंथ रचला. जुन्या सिद्धांतांत कोट्यवधींच्या राशी गुणाव्या-भागाव्या लागत आणि ज्या-कोज्यांचीं कोष्टकें हाताशीं ठेवावीं लागत. गणेश दैवज्ञांनीं ज्या-कोज्यांना फांटा दिला आणि अकरा अकरा वर्षांचीं चक्रें पाडून दिवसांची संख्या ४,०१६ च्या पलीकडे जाऊं दिली नाहीं. नेसरीच्या वर्षाचेंच उदाहरण घ्यावें. १५९५ मधून १४४२ वजा केल्यास १५३ उरतात. त्यांत अकरांची तेरा चक्रें पुरीं होतात आणि दहा वर्षें शेष राहतात. तेवढ्या दहा वर्षांचे दिवस मोजले कीं काम झालें. पाटीवर ओंजळभर धूळ पसरून खेड्यांतल्या जोशानें करावें इतकें हें गणित सोपें झालें आणि महाराष्ट्रांत ग्रहलाघवी पंचांग घरोघर गेलें. वापरणाऱ्याला आंत झालेला हा पालट कळलाहि नाहीं. त्याला पूर्वीं जीं पांच अंगें मिळत होतीं तींच पुढेंहि मिळत राहिलीं. आंतील घडण बदलूनहि दर्शनी करार न मोडणें म्हणजे काय, याचें याहून चांगलें उदाहरण मिळणें कठीण.

पण साडेतीनशें वर्षांनीं तेंच काम दुसऱ्यांदा करावयाची वेळ आली तेव्हां गोष्ट इतकी सुरळीत झाली नाहीं. ग्रहलाघवावरून काढलेले ग्रह आणि आकाशांत दिसणारे ग्रह यांच्यांत अंतर पडूं लागलें होतें. पुण्याचे केरो लक्ष्मण छत्रे हे पाश्चात्त्य गणितांत निष्णात. त्यांनीं १८६० मध्यें ग्रहसाधनाचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं आणि १८६५ पासून आबासाहेब पटवर्धन यांच्या साहाय्यानें नव्या गणिताचें पंचांग निघूं लागलें. त्याला पटवर्धनी पंचांग असें नांव पडलें. हेतु चांगला होता, गणित तर निःसंशय अधिक शुद्ध होतें. तरीहि वाद पेटला आणि तो पिढ्यान्‌पिढ्या चालला. लोकमान्य टिळकांनीं त्यांत लक्ष घातलें, परिषदा भरल्या, शास्त्री आणि गणिती एकमेकांसमोर बसले. पण एकमत म्हणून झालें नाहीं. या भांडणाचें खापर बहुधा शास्त्रीमंडळींच्या हट्टावर फोडण्यांत येतें. तें सर्वस्वीं न्याय्य नाहीं. करारांतच एक कलम लिहावयाचें राहून गेलें होतें.

तें कलम असें. सूर्यचंद्रांचीं स्थानें अंशांत सांगावयाचीं, पण ते अंश मोजावयाचे कोठून? संपातबिंदु स्थिर नाहीं, तो सरकतो; म्हणून आपले लोक आकाशांतील एका स्थिर बिंदूपासून मोजतात. तो बिंदु नेमका कोणता, हें पंचांगाच्या करारांत कोठेंहि ठरलेलें नव्हतें. ग्रहलाघवांत तो एका रीतीनें गृहीत होता. छत्र्यांनीं रेवती नक्षत्रांतील एक तारा धरला, त्यामुळें आरंभबिंदु सुमारें चार अंशांनीं हलला. आतां पांच अंगांकडे पाहावें. वाराला या फरकाचें कांहीं देणेंघेणें नाहीं. तिथि म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्या स्थानांची वजाबाकी. दोघांचीहि स्थानें चार चार अंशांनीं बदललीं तर वजाबाकी तीच राहते. करणाचेंहि तसेंच. नक्षत्राला मात्र आधाराला एकटा चंद्र. चंद्राला चार अंश चालावयास सात तासांहून अधिक वेळ लागतो, तेवढें नक्षत्र पुढेंमागें होतें. योग तर बेरजेवर उभा, त्याला तो फरक दुप्पट बाधतो. आणि संक्रांत चार दिवसांनीं सरकते: टिळक पंचांगांत मकरसंक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते, इतरांत ती १४ किंवा १५ जानेवारीस येते. संक्रांत सरकली कीं कोणत्या चांद्रमासांत ती पडत नाहीं, म्हणजे अधिकमास कोणता, हेंहि क्वचित् बदलतें, आणि मग एका घरची दिवाळी दुसऱ्या घरच्या दिवाळीपासून महिन्याच्या अंतरावर जाते. ज्या कुटुंबांत सासर एका पंचांगाचें आणि माहेर दुसऱ्याचें, तेथें भाऊबीजेला बहिणीनें कोणत्या महिन्यांत यावयाचें हा प्रश्न गणिताचा राहत नाहीं.

हीच गोष्ट जॉन रेनल्ड्स या संगणकशास्त्रज्ञांनीं १९८३ सालीं एका कल्पित कथेच्या रूपानें सांगितली आहे. एका विद्यापीठांत दोन अध्यापक मिश्र संख्या शिकवीत. एकाचें नांव देकार्त, दुसऱ्याचें बेसेल. पहिल्यानें मिश्र संख्या म्हणजे आडव्या-उभ्या अंतरांची जोडी असें सांगितलें. दुसऱ्यानें ती लांबी आणि कोन यांची जोडी मानली. आरंभींची ही व्याख्या झाल्यावर दोघांनींहि पुढील सारें गणित केवळ बेरीज, गुणाकार इत्यादि ठरलेल्या क्रियांच्या आधारें शिकविलें. मध्यंतरीं वर्गांची अदलाबदल झाली तरी विद्यार्थ्यांचें कांहीं बिघडलें नाहीं. रेनल्ड्स यांनीं पुढें गणितानें सिद्ध केलें तें हें कीं, ठरलेल्या क्रियांच्या पलीकडे ज्याला हात घालतां येत नाहीं, त्याला आंतील घडण ओळखतांहि येत नाहीं. तिथि ही अशी क्रिया आहे, तिला आरंभबिंदु दिसत नाहीं; नक्षत्राला तो दिसतो. छत्र्यांचा वर्ग आणि ग्रहलाघवाचा वर्ग यांतील विद्यार्थ्यांची अदलाबदल तिथीपुरती निर्वेध होती. नक्षत्राला आणि संक्रांतीला ती बाधली.

तिथीच्या बाबतींतहि एक कुरबूर झालीच. तिच्यांतून वापरणाऱ्यांचा स्वभाव दिसतो. जुन्या गणितानें तिथि फार तर ६५ घटिकांची होई आणि किमान ५४ घटिकांची. यावरून शास्त्रीमंडळींत बाणवृद्धि आणि रसक्षय असें एक सूत्रच होऊन बसलें. बाण म्हणजे पांच, रस म्हणजे सहा. नव्या सूक्ष्म गणितानें तिथि ५० घटिकांपर्यंत खालीं आणि ६७ घटिकांपर्यंत वर जाऊं लागली, तेव्हां ही तिथि शास्त्रविरुद्ध होय असा आक्षेप निघाला. वस्तुतः करार होता बारा अंशांचा. ६५ आणि ५४ हे आंकडे जुन्या घडणीच्या ओबडधोबडपणांतून आपोआप पडलेले होते. तसें वचन कोणीं कोणाला दिलेलें नव्हतें. पण पुष्कळ काळ जें दिसत आलें त्यालाच लोक करार समजूं लागले. आजच्या संगणकाच्या कारागिरांचीहि नेमकी हीच तक्रार असते. पडदा कितीहि जाड लावा, वापरणारा त्याच्या फटींतून पाहतो आणि जें पाहिलें त्याच्यावर विसंबून राहतो.

आतां नेसरीच्या पांच नांवांकडे वळूं. पांच कालगणना एकमेकींत थेट उतरवूं गेल्यास प्रत्येकीपासून इतर चारींकडे जाणाऱ्या वीस वाटा बांधाव्या लागतात. मध्यें एक चावडी ठेविली आणि प्रत्येकीनें चावडीपर्यंत येण्याची व चावडीवरून परत जाण्याची वाट तेवढी बांधली, तर दहा वाटांत काम भागतें. आपल्या ज्योतिषांत ही चावडी पुरातन काळापासून आहे; तिला अहर्गण म्हणतात. कलियुगारंभापासून, म्हणजे इसवी सनापूर्वीं ३१०२ च्या १८ फेब्रुवारीपासून, लोटलेल्या दिवसांची ती सरळ मोजणी. नेसरीच्या त्या शिवरात्रीचा अहर्गण १७,४४,०७५ येतो. त्याला सातांनीं भागल्यास चार उरतात. कलियुगाचा आरंभ शुक्रवारचा, तेव्हां शनि, रवि, सोम आणि चवथा मंगळवार. माघ वद्य चतुर्दशीची वाट या संख्येपाशीं येऊन मिळते, २४ फेब्रुवारीची येते, ६ मार्चचीहि येते. तीं सर्व एकाच दिवसाचीं नांवें आहेत, या विधानाचा अर्थ एवढाच आणि इतकाच.

अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांतील नाखुम डर्शोविट्झ आणि एडवर्ड राइनगोल्ड या दोघांनीं १९९० सालीं कालगणनांच्या गणितावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचा पुढें १९९७ मध्यें ग्रंथ झाला. जगांतील नानाविध कालगणना, त्यांत सूर्यसिद्धांतावर आधारलेली आपलीहि, त्यांनीं लिस्प या भाषेंत उतरविल्या. प्रत्येक कालगणनेला दोनच दारें: तारीख देऊन दिवसाची स्थिर संख्या घेण्याचें एक, आणि संख्या देऊन तारीख घेण्याचें दुसरें. त्यांची संख्या इसवी सनाच्या पहिल्या वर्षाच्या १ जानेवारीपासून चालते. नेसरीचा दिवस त्यांच्या हिशोबानें ६,११,११६ वा. आपल्या अहर्गणांतून ही वजा करावी, ११,३२,९५९ उरतात; कोणत्याहि दिवसासाठीं तेवढेच उरतात. फरक केवळ आरंभाचा. गणेश दैवज्ञांना हा ग्रंथ दाखविला असता तर त्यांना भाषा परकी वाटली असती, पण मांडणी ओळखीची वाटली असती.

लिस्प ही भाषा जॉन मॅकार्थी यांनीं १९५८ मध्यें सुरू केली. फंक्शनल प्रोग्रॅमिंग म्हणून जी पद्धति आज प्रसिद्ध आहे तिचें मूळ येथें आहे. या पद्धतींत आज्ञावली म्हणजे पाढ्यासारखी. सात आठें छप्पन्न सकाळीं म्हटलें काय आणि रात्रीं म्हटलें काय, उत्तर तेंच. आंत कांहीं साठवून ठेवावयाचें नाहीं, मागें काय झालें याचा परिणाम उत्तरावर व्हावयाचा नाहीं. दिलेल्यावरून मिळणारें ठरावें. पंचांगाचें गणित जात्याच या प्रकारचें आहे. दिवस आणि स्थळ द्या, तिथि घ्या. आणि जेथें उत्तर केवळ दिलेल्यावर अवलंबून असतें तेथें पडदा लावणें सोपें जातें, कारण पडद्याआड कांहीं चोरून बदलत नाहीं.

तरी लिस्पमधील हे दोन दरवाजे संकेताचे होते. भिंत फोडून आंत शिरूं पाहणाऱ्यास तेथें कोणी अडवीत नसे. अडविणारा पहारेकरी आला तो स्कॉटलंडांतील एडिंबरा येथें. रॉबिन मिल्नर आणि त्यांचे सहकारी १९७० नंतरच्या दशकांत गणिती सिद्धता तपासणारी एलसीएफ नांवाची यंत्रणा करीत होते. भीति अशी कीं, वापरणाऱ्याच्या चुकीमुळें किंवा लबाडीमुळें सिद्ध न झालेलें वाक्यहि सिद्धांत म्हणून आंत घुसेल. यासाठीं त्यांनीं एमएल ही नवी भाषा घडविली आणि तींत 'सिद्धांत' या जातीची घडण बंद ठेविली. अनुमानाचे नेमलेले नियम हेंच तिचें एकमेव दार. त्या दारानें आलेली वस्तु तेवढी सिद्धांत. दुसऱ्या कोणत्याहि मार्गानें तशी वस्तु तयार करूं म्हटल्यास भाषाच नकार देते. टांकसाळीबाहेर पाडलेलें नाणें चालूं न देणारा हा कायदा होय.

डेव्हिड मॅक्वीन यांनीं १९८४ मध्यें याच भाषेसाठीं मॉड्यूलांची सबंध व्यवस्था आंखली आणि १९९० मध्यें स्टँडर्ड एमएल या नांवानें भाषेची रीतसर व्याख्या प्रसिद्ध झाली. दर्शनी कराराला तींत सिग्नेचर म्हणतात, आंतील घडणीला स्ट्रक्चर. पंचांगाची सिग्नेचर लिहावयाची तर ती अशी वाचली जाईल: दिवस नांवाची एक जात आहे, ती कशाची बनली तें सांगणार नाहीं, दिवस दिला तर तिथि देऊं, नक्षत्र देऊं, योग देऊं. तिच्याखालीं एक स्ट्रक्चर ग्रहलाघवाचें बसेल, एक छत्र्यांच्या कोष्टकांचें बसेल. यांखेरीज फंक्टर म्हणून एक तिसरा प्रकार आहे आणि पंचांगकर्त्यांना तो विशेष पटावा. सूर्योदय गांवोगांव निराळा. नेसरी मुंबईच्या पूर्वेस दीड अंशाच्या सुमारास आहे, म्हणजे रेखांशापुरती सहा मिनिटांची गोष्ट. पण सूर्योदयाच्या आसपास संपणाऱ्या तिथीला तेवढीं मिनिटेंहि पुरतात. फंक्टर म्हणजे असें मॉड्यूल कीं, ज्याला दुसरें मॉड्यूल द्यावयाचें. नेसरीचे अक्षांश-रेखांश ज्यांत आहेत तें स्थळ द्या, नेसरीचें पंचांग घ्या. मुंबईचें द्या, मुंबईचें घ्या. आंतील गणित एकदांच लिहावयाचें.

आणि येथेंच एक पेंच उभा राहिला, जो नेसरीच्या तारखेचाच पेंच आहे. शक पंचांगानें आपली 'दिवस' ही जात झांकली, इंग्रजी कालगणनेनेंहि झांकली. दोघांनींहि पडदा चोख पाळला. आतां माघ वद्य चतुर्दशी आणि २४ फेब्रुवारी एकच कीं काय, हा प्रश्नच विचारतां येत नाहीं! दोन्ही दिवस निरनिराळ्या जातींचे ठरतात, भाषा त्यांची तुलना होऊं देत नाहीं. सगळेंच उघडें ठेविलें तर पडदा कशाला, आणि सगळेंच झांकलें तर दोघांचा व्यवहार कसा? स्टँडर्ड एमएलमध्यें अमुक दोन जाती एकच समजाव्या असें वेगळें कलम लिहितां येई, पण तेवढ्यानें सर्व अडचणी मिटत नव्हत्या. १९९४ सालीं फ्रान्समधील झाव्हिए लरॉय यांनीं आणि अमेरिकेंतील रॉबर्ट हार्पर व मार्क लिलिब्रिज यांनीं, एकाच परिषदेंत पण स्वतंत्रपणें, उपाय सुचविला: करारांत कांहीं जाती पूर्ण झांकाव्या, कांहींचें मूळ उघड लिहावें, आणि कोणतीचें काय करावयाचें तें लिहिणाऱ्यानें ठरवावें. हार्पर-लिलिब्रिज यांनीं तिला अर्धपारदर्शक म्हटलें. अहर्गण उघडा ठेवावा, त्यावरून तिथि काढण्याची खटपट झांकावी, हाच तो न्याय. लरॉय यांच्या कल्पनेवर उभी असलेली ओकॅमल ही भाषा आजहि वापरांत आहे. तींत प्रत्येक मॉड्यूलचे दोन कागद असतात, एक कराराचा आणि एक घडणीचा. कराराचा कागद तोच राहिला तर घडणीच्या कागदांत केलेल्या फेरफारांनीं इतरांच्या कागदांची जुळणी ढळत नाहीं.

मात्र भाषेचा पहारेकरी जात तपासतो, सत्य तपासीत नाहीं. 'दिवस दिला तर तिथि देऊं' एवढें करारांत बसतें. ती तिथि बारा अंशांचीच असेल ही हमी बसत नाहीं. ती टीपेंत लिहावी लागते किंवा विश्वासावर सोडावी लागते. आणि कधीं कधीं पडदा मुद्दाम दूर सारावाच लागतो. इतिहास-संशोधकाचें काम हें त्यांतलें. १६७४ च्या पंचांगांत कोणती तिथि छापली गेली असती हें त्याला पाहावयाचें नसतें, छापखाने तेव्हां महाराष्ट्रांत नव्हतेच. हाताने मांडलेल्या पंचांगांत त्या दिवशीं जोशानें कोणती तिथि वाचली हें पाहावयाचें असतें. त्यासाठीं आजचें शुद्ध गणित निरुपयोगी ठरण्याचा संभव असतो. त्या काळची स्थूल घडणच पुन्हा उभी करावी लागते. हें काम ज्यांनीं केलें त्यांत मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित अग्रगण्य होत. त्यांनीं सारें आयुष्य शिक्षकाच्या पेशांत घालविलें, आणि वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं, १८९८ मध्यें, ते वारले. तत्पूर्वीं दोनच वर्षें, १८९६ सालीं, त्यांचा भारतीय ज्योतिःशास्त्र हा मराठी ग्रंथ आणि रॉबर्ट स्यूएल यांच्या सहकार्यानें इंग्रजींत लिहिलेला भारतीय कालगणनेचा ग्रंथ हे दोन्ही बाहेर पडले. दुसऱ्या ग्रंथांतील कोष्टकें इसवी सन ३०० पासून १९०० पर्यंतच्या वर्षांना पुरतात. पुढें १९२२ मध्यें स्वामिकन्नू पिल्ले यांचीं विस्तृत कोष्टकें निघालीं. जुन्या कागदावरची तिथि हातीं आली कीं, तिच्यासमोर इंग्रजी तारीख लिहिण्याचें धैर्य संशोधकाला या कोष्टकांमुळें आलें.

राहिलेलें कलम लिहिण्याचा यत्न स्वातंत्र्यानंतर सरकारनें केला. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालीं १९५२ मध्यें समिति नेमली गेली. तिनें २१ मार्च १९५६ रोजीं अयनांश २३ अंश १५ कला असें ठरवून आरंभबिंदु पक्का केला, आणि ८२ अंश ३० कला पूर्व रेखांश व २३ अंश ११ कला उत्तर अक्षांश हें मध्यवर्ती स्थळ नेमून दिलें. २२ मार्च १९५७, म्हणजे १ चैत्र १८७९, या दिवसापासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. सरकारी कागदावर ती छापली जाते, आकाशवाणीवर ती उच्चारली जाते. घरांतल्या खुंटीवर मात्र पूर्वींचेंच पंचांग राहिलें. करार कितीहि नेटका लिहिला तरी तो दोन्ही पक्षांनीं पत्करावा लागतो, ही गोष्ट गणितांत बसत नाहीं.

नेसरीच्या तारखेला या साऱ्या वादाचा धक्का लागत नाहीं. ती तिथीवर उभी आहे, आणि तिथीला आरंभबिंदु दिसत नाहीं. पडताळा पाहावयाचाच असेल तर दुसरा एक सर्वश्रुत दिवस घ्यावा. शिवाजी महाराज रायगडावर सिंहासनारूढ झाले तो दिवस शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, इंग्रजांच्या तेव्हांच्या गणनेनें ६ जून १६७४. त्याचा अहर्गण १७,४४,१७७. सातांनीं भागल्यास एक उरतो, म्हणजे शनिवार. त्यांतून नेसरीचा अहर्गण वजा करावा, १०२ दिवस येतात. तिथी मोजाव्या, तर माघ वद्य चतुर्दशीपुढें अमावास्येची एक, फाल्गुन, चैत्र व वैशाख यांच्या तीस तीस आणि ज्येष्ठाच्या तेरा, मिळून १०४ येतात. तिथि ही दिवसाहून सरासरीनें किंचित् लहान असते, त्यामुळें १०२ दिवसांत १०४ तिथी अगदीं चपखल बसतात. ज्या राज्याभिषेकाला सरनोबत म्हणून उभें राहावयाचें, तो प्रतापरावांपासून एवढ्याच दिवसांवर होता.